गाडीला सांगायचं राहिलं

गाडी सुरू करण्याआधी मी तिची डिकी हुंगते. लालबागच्या आमच्या इमारतीतल्या पार्किंगमध्ये अडुसष्ट वर्षांची एक बाई झाकण वर करून आत नाक खुपसून उभी असते, हे दृश्य आता वॉचमनलाही नवं राहिलेलं नाही. नात सुट्टीत आली की माझी हुबेहूब नक्कल करते.

"आजी, काय शोधतेस गं रोज?"

"मेलेलं काही आहे का ते," मी म्हणते.

ती खिदळते. तिला वाटतं आजी गंमत करते. अर्धी गंमतच असते.

चार वर्षांपूर्वी मी काही हुंगत नव्हते. तेव्हा मी तरुण होते, चौसष्ट वर्षांची, आणि तरुण बायकांना कळतं तसं मला सगळं कळत होतं. त्यातून विज्ञानाची निवृत्त शिक्षिका. परळच्या एका मराठी शाळेत बत्तीस वर्षं मी पोरांकडून एक वाक्य घोकून घेतलं होतं: हायड्रोजन सल्फाइड हा रंगहीन, सडक्या अंड्यासारखा वास असलेला विषारी वायू आहे. पोरं नाकं धरून हसायची, मी टेबलावर पट्टी आपटायची. "हसू नका, लक्षात ठेवा!" पोरांच्या राहिलं असेल. बाईंच्या राहिलं नाही.

गाडी मुलाची. तो परदेशी गेला आणि गाडी आमच्या गळ्यात घालून गेला. लांबलचक, काळी, उंची गाडी. आमची इमारत उभी राहायच्या आधी तिथे जी चाळ होती, तिच्यातल्या आमच्या खोलीत ही गाडी आडवी-उभी कशीही मावली नसती. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, माझगावच्या गोदीत जन्मभर जहाजं दुरुस्त केली, पण गाडी चालवायला काही ते शिकले नाहीत. मी पंचावन्नाव्या वर्षी शिकले. तेव्हा शेजारणी हसल्या. पुढे ह्यांच्या किडन्या गेल्या तेव्हा कुणी हसलं नाही.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. परळच्या हॉस्पिटलात चार-चार तास मशीनला जोडून पडायचं. एक फेरी चुकली की अंगात पाणी साठतं, दुसरी चुकली की श्वास लागतो. तिसरीचं डॉक्टर बोलतच नाहीत. अंतर ते किती, पण जवळचं भाडं म्हणून टॅक्सीवाले मान फिरवायचे, आणि परतताना ह्यांच्या पायांत असे गोळे यायचे की मागच्या सीटवर आडवं झाल्याशिवाय भागायचं नाही. तेव्हा ती काळी गाडी चालू राहणं आणि माझा नवरा चालू राहणं, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकच झाल्या होत्या.

एका सोमवारी सकाळी गाडीने मान टाकली. किल्लीचं बटण दाबलं तर दारसुद्धा उघडेना. मुलाने फोनवर सांगितलं की त्या किल्लीच्या पोटात एक खरी किल्ली असते. ती काढून दार उघडलं, बॉनेट उघडलं, आणि बघते तर आत बॅटरीच नाही. मी ताठ मानेने वॉचमनला म्हणाले, "बॅटरी चोरीला गेली. रात्री झोपला होतास?" त्याचा बिचाऱ्याचा चेहरा उतरला. मी पोलिसांत जायला निघाले होते, तेवढ्यात मुलगा फोनवर ओरडला, "आई, त्या गाडीची बॅटरी मागे असते! डिकीच्या तळाखाली!" मागच्या सीटच्या पाठीला अगदी चिकटून. वॉचमनची मी माफी मागितली नाही. तरुण होते ना.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, गुरुवारी माणूस पाठवतो. मंगळवार तर उद्यावर आलेला. मग मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. त्याचं इथेच बॅटऱ्यांचं दुकान आहे. पन्नाशीचा गृहस्थ, पोट सुटलेलं, केस गेलेले, पण मला बघितलं की अजून हात पाठीशी बांधून उभा राहतो.

त्याने डिकीचा तळ उचलला, जुनी बॅटरी काढली, नवी बसवली. गाडीने डोळे उघडले. तो मात्र हात पुसत तिथेच घुटमळत राहिला.

"बाई, एक सांगायचं होतं. ह्या गाडीची बॅटरी वेगळ्या जातीची असते. तसली आत्ता माझ्याकडे नाही. ही साधी आहे, मापात बसली. पण गाडीला सांगावं लागेल."

"काय सांगावं लागेल?"

"की बॅटरी बदलली. कुठली बसवली, कधी बसवली. हिच्यात कॉम्प्युटर असतो ना, तो बॅटरीचं वय धरून चार्जिंग करतो. जसजशी म्हातारी होईल तसतसा जोर वाढवतो. आपण सांगितलं नाही तर त्याला वाटणार, जुनीच आहे. माझ्याकडे ते मशीन नाही. माझगावला एक मिस्त्री आहे, तो नोंद करून देईल." मग त्याने एक काळी रबरी नळी बोटात धरून दाखवली. "आणि ही वाफ बाहेर सोडायची नळी. ह्या बॅटरीला ती जोडता येत नाही. त्याचंही तोच बघेल. पण उद्याच जा, बाई."

मला हसूच आलं. "म्हणजे काय रे, गाडीपुढे गाऱ्हाणं घालू? बा देवा म्हाराजा, नवीन बॅटरी इली हा?"

तो हसला नाही. "तसंच समजा."

"नववीत विज्ञानात किती होते तुला?"

त्याने मान खाली घातली. "अठ्ठावीस, बाई."

"मग?"

त्या 'मग'वर माझी बत्तीस वर्षांची नोकरी चालली होती. अठ्ठावीसवाल्याने पाने-पकडी गोळा केल्या. गेटपाशी जाऊन पुन्हा वळला आणि म्हणाला, "उद्याच, बाई."

गाऱ्हाण्यावरून आठवलं ते सांगते, म्हणजे मी किती जुनी शहाणी ते कळेल. माझी सासू मालवणकडची. घरात काही नवं आलं, सून असो, पाळणा असो, नाहीतर शिलाईचं मशीन, की ती देव्हाऱ्यापुढे हात जोडून देवाला आणि गावच्या राखणदाराला मोठ्याने सगळं सांगायची. कोण आलं, कुठून आलं, त्याला सांभाळून घे. ते गाऱ्हाणं. मागे उभ्या असलेल्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मी लग्न होऊन त्या चाळीतल्या खोलीत आले तेव्हा माझंही गाऱ्हाणं घातलं गेलं. मी बावीस वर्षांची, ताजी बीएस्सी. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले आणि मी पदर तोंडात कोंबून हसले. वर विचारलं, "देवाला दिसत नाही का, सून आलेली?"

सासू चिडली नाही. तिने शांतपणे सांगितलं, "दिसता गो. पण सांगूक होया. नायतर तो जुन्याचो घास नव्याच्या तोंडात कोंबतलो."

मी ती गोष्ट शाळेच्या स्टाफरूममध्ये विनोद म्हणून पुढे कितीतरी वर्षं सांगितली.

तर मी माझगावला गेले नाही. जाऊन-येऊन अर्धा-पाऊण तास. मंगळवारी गाडी एका बटणात सुरू झाली आणि मला वाटलं, झालं की, गाडीला कळलं. विज्ञानाच्या बाईंना असं वाटलं. मग कधीतरी गाडीच्या पडद्यावर बॅटरीबद्दल काहीतरी अक्षरं उमटायला लागली. खाली 'ओके' असायचं. मी ओके दाबायची. दर वेळी ओके.

ऑक्टोबर तापला. तिसऱ्या आठवड्यात एका शनिवारी, हॉस्पिटलातून परतताना, मला पहिल्यांदा तो वास आला. हलकासा, काहीतरी आत नासल्यासारखा. मी आरशात बघितलं. हे मागे आडवे, डोकं सीटच्या पाठीला टेकलेलं, सुया टोचलेला डावा हात उशीवर, तोंडाचा रंग मातीसारखा. मी पटकन नजर रस्त्यावर वळवली. कारण तो वास मी ओळखला, असं मला वाटलं. सासू जायची होती तेव्हा शेवटचे आठ-दहा दिवस खोलीत असाच काहीतरी वास दाटला होता. पुस्तकात नसतो तो. मरणाऱ्या माणसाचं दूध-पाणी केलेल्या बाईलाच कळतो.

मी काच खाली केली. "जरा हवा येऊ दे," म्हणाले. ह्यांनी डोळे उघडून माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. त्यांनाही कळलंय, असं मी समजले.

मंगळवारी वास होता. गुरुवारी जास्त होता. ह्यांचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांतून पाणी, गाडीतून उतरताना उमासे. डॉक्टरांना विचारलं. "रिपोर्ट तसेच आहेत," ते म्हणाले. मी ऐकलं ते असं: आता आमच्या हातात काही नाही. घरी वास यायचा नाही, फक्त गाडीत यायचा. का, असा प्रश्न नववीतल्या पोरानेसुद्धा विचारला असता. मी स्वतःलाच उत्तर देऊन टाकलं: घरी खिडक्या उघड्या असतात. शून्य मार्क. वर आणखी एक चूक. पाच-सात मिनिटं गेली की वास यायचा थांबायचा, आणि मी मनात म्हणायची, आज जरा बरं आहे. वास थांबत नव्हता, माझं नाक थकत होतं. हेही मीच शिकवायची.

त्या महिन्यात मी ह्यांच्याशी फार गोड वागले. एका शब्दाने टोचलं नाही. संध्याकाळी पाय चेपून दिले. रात्रभर त्यांचा श्वास मोजत पडायची. आणि एका बुधवारी दुपारी दादरच्या एका फोटो स्टुडिओत जाऊन त्यांचा निवृत्तीच्या समारंभातला फोटो मोठा करून आणला. स्टुडिओवाल्याने विचारलं, "फ्रेम कशी करू?" मी म्हणाले, "तूर्त नुसता फोटो द्या." त्याने नजर खाली घातली. त्याला कळलं. तो लिफाफा घरात नेला असता तर ह्यांच्या हाती लागला असता, म्हणून गाडीतच पुढच्या खणात, रुमालांच्या खाली ठेवला. आणि त्या फोटोच्या मागे दोन हातांवर तो जिवंत माणूस घेऊन मी फेऱ्या मारत राहिले.

एका गुरुवारी, दुपारी दोनच्या उन्हात, आम्ही परत येत होतो. फ्लायओव्हरच्या खालच्या सिग्नलला थांबलो. त्या दिवशी वास असा होता की डोळे चुरचुरत होते. पडद्यावर एकदम सगळे दिवे लागले, लाल, पिवळे, सगळेच. मग सगळे विझले. एसी बंद. इंजिन बंद. काचेचं बटण दाबलं, काच हलेना. मागून हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला.

"काय झालं गं?" मागून आवाज आला, अगदी बारीक.

"काही नाही. तुम्ही दार उघडा तुमच्या बाजूचं."

"उघडत नाही."

मी माझं दार उघडून उतरले, मागचं दार बाहेरून ओढलं. ढिम्म. चालत्या गाडीत दारं आपोआप लॉक होतात. आणि आतून उघडायचं म्हटलं तर मागच्या दारांना मुलाने कधीकाळी नात लहान होती तेव्हा लहान मुलांचं लॉक लावलं होतं. ते काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं. काचेपलीकडे हे होते. घामाने निथळत होते. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत भीती होती. बेचाळीस वर्षांत गोदीतल्या त्या माणसाच्या डोळ्यांत मी ती पहिल्यांदा बघितली.

मी पुन्हा आत शिरले, पुढच्या सीटवर गुडघे टेकले, दोन सीटांच्या फटीतून हात घातले. "या. पुढे या."

"ह्यातून? मी काय मांजर आहे?"

"डावा हात छातीशी धरा. बाकी मी बघते."

काखेत हात घालून मी ओढलं. ते कण्हत, पायांनी ढकलत येत गेले. एक चप्पल मागेच अडकली. कसेबसे शेजारच्या सीटवर आले, मी ते दार उघडलं, आणि बाहेरची गरम हवा आत आली. तसली हवा मला आयुष्यात कधी गोड लागली नव्हती. ते पाय रस्त्यावर सोडून बसले, धापा टाकत. मग तोंड पुसायला समोरचा खण उघडून रुमाल ओढला. रुमालाबरोबर लिफाफा आला.

त्यांनी फोटो बाहेर काढला. हात लांब करून बघितला.

"हा कोण?"

"तुम्ही."

"एवढा मोठा?"

मागचा टेम्पोवाला खिडकीतून आमचा उद्धार करत होता.

"म्हणून महिनाभर एवढी गोड बोलत होतीस होय," हे म्हणाले.

"वास येत होता," मी म्हणाले. "तुमचा. गाडीत. सासूबाईंच्या वेळी आला होता तसा. मला वाटलं..."

"माझा?" ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले. "अगं, मला वाटलं, तुझी सुकट!"

हे समजायला घरची गोष्ट सांगायला हवी. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबी, आम्हा कोकणातल्यांचा जीव. डॉक्टरांनी ह्यांना ती बंद केली तेव्हा मीही हात वर करून शपथ घेतली होती, तुम्ही नाही तर मीही नाही. ह्यांचा समज असा की मी चोरून आणते आणि डिकीत दडवते.

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, खाऊ दे बिचारीला. माझ्यामागे कशाला उपाशी. डोकं दुखायचं त्या वासाने, पण म्हटलं, असो."

मी डिकीकडे बघितलं. डिकीत सुकट नव्हती. ह्यांचा वास नव्हता. होती ती बॅटरी. मग फ्लायओव्हरखाली, हॉर्नच्या गोंगाटात, मी ते वाक्य मोठ्याने म्हणाले, वर्गात म्हणायची तसंच, रंगहीन, सडक्या अंड्यासारखा. मी ह्यांना हाताला धरून रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर नेऊन बसवलं आणि अठ्ठावीस मार्कवाल्याला फोन केला.

तो अर्ध्या तासात आला, माझगावच्या मिस्त्रीला स्कूटरवर मागे बसवून. येताना योग्य जातीची बॅटरी आणली होती. मिस्त्रीने आधी जवळ विडी ओढत उभ्या असलेल्या माणसाला हाकललं, मग सगळी दारं मोकळी केली, डिकी उघडून तळ उचलला आणि दोन पावलं मागे सरला. बॅटरी टम्म फुगली होती. कडांना पांढरं-हिरवं फुलून आलेलं. ओलं फडकं टाकलं तर त्यातून वाफ निघाली.

"मावशी, नोंद नाय केली ना?" तो म्हणाला. "गाडीला वाटतंय, आत अजून म्हातारीच आहे. म्हातारीचा डोस हिला पाजत बसली. फुटायचीच बाकी होती."

"फुटली असती तर?"

त्याने हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरने मागच्या सीटकडे दाखवलं. तिथे ह्यांची उशी होती. तिच्यावर डोक्याचा खळगा अजून तसाच होता.

नवी बॅटरी बसली. नळी जोडली गेली. मिस्त्रीने स्टिअरिंगखाली वायर खुपसली आणि हातातलं छोटं यंत्र चालू केलं. त्याचा अंगठा बटणावर जाणार इतक्यात पायरीवरून आवाज आला.

"थांब रे. आधी हिला बोलू दे."

"काय बोलू?" मी म्हटलं.

"बेचाळीस वर्षं हसलीस ना आईला? आता घाल."

मी घातलं. भर रस्त्यात, घामाने चिकटलेल्या साडीत, मोडक्यातोडक्या मालवणीत. "बा देवा म्हाराजा, बा राखणदारा, आज ह्या गाडीत नवीन बॅटरी इली हा. जुनी गेली. मधली माझ्या मस्तीन गेली. हिका हिचा हा ते दी, दुसऱ्याचा देऊ नको. आणि मागच्या सीटवरच्या माणसाक सांभाळ."

"व्हय म्हाराजा!" तिघेही म्हणाले. अठ्ठावीसवाल्याचा आवाज सगळ्यांत खणखणीत. मग मिस्त्रीने बटण दाबलं.

डोकेदुखी आठवड्याभरात गेली. किडन्या काही परत आल्या नाहीत. मंगळवार, गुरुवार, शनिवार अजून चालू आहे. फोटो मी फाडायला काढला होता, ह्यांनी हिसकावून घेतला, फ्रेम करून आणला आणि हॉलमध्ये ठळक जागी खिळा ठोकून लावला. नवा माणूस घरात आला की फोटोकडे बघून गंभीर होतो, माझ्याकडे बघून हळू आवाजात "कधी?" असं विचारायला तोंड उघडतो, आणि तेवढ्यात हे आतून ओरडतात, "चहा टाक गं!" मी त्यांना सांगते, तो काढा, अपशकुन आहे. ते म्हणतात, राहू दे, हार तेवढा नंतर घाल. सुकट मी खरंच खात होते, पण डिकीत नव्हे, जुन्या कुकरच्या खोक्यात. हे त्यांना आज इथे वाचूनच कळेल.

आता आमचा एक नियम आहे. डिकी हुंगून झाली की मी पुढे बसते, आरशात बघते आणि विचारते, "वास?" ते म्हणतात, "नाही. तुला?" मी म्हणते, "नाही." मगच बटण. कुणी कुणाच्या भल्यासाठी गप्प बसायचं नाही. मिस्त्री म्हणतो, ह्या बॅटरीची चार वर्षं होत आली, आता लक्ष ठेवा. पडद्यावर बॅटरीबद्दल अजून काही उमटलेलं नाही. मी ओके दाबणं सोडलं आहे, आधी वाचते.

परवा शनिवारी मी विचारलं, "वास?"

मागून उत्तर आलं नाही.

बटणावरचं बोट मी उचललं. आरशात बघितलं. ते डोळे मिटून, तोंड अर्धवट उघडून, मान जराशी वर करून बसले होते. मी मागे वळले.

"थांब," ते म्हणाले. "शिंक येतेय."

निघताना शिंक आली की आमच्याकडे जरा थांबून मग निघतात. एरवी मी ऐकलं नसतं. मी किल्ली मांडीवर ठेवली. शिंक येईना. पार्किंगमध्ये आमच्याशिवाय कुणी नव्हतं. आम्ही दोघं तिची वाट बघत तसेच बसून राहिलो.